आवक क्रमांक

निवृत्त कर्मचाऱ्याने पेन्शनसाठी केलेला अर्ज वाचायला घेतला की पहिल्या ओळीतच मन खट्टू होतं. वर 'विनंती अर्ज' असं लिहिलेलं असतं. मधे मुलीचं लग्न, पत्नीचं आजारपण, घराचे हप्ते. शेवटी 'तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा'. ज्या माणसाने तीस-तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे लिहिले, टिप्पण्या तयार केल्या, नियम क्रमांक पाठ ठेवले, तोच स्वतःच्या हक्काबद्दल लिहायला बसला की हात जोडून उभा राहतो. आणि ज्या दोन गोष्टी त्या कागदावर असायलाच हव्यात, त्याच नेमक्या नसतात. एक म्हणजे नियम, दुसरी म्हणजे तारीख.

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, हे काही आज नव्याने सांगायची गोष्ट नाही. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनला मालमत्तेचा दर्जा दिला. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नकारा यांच्या खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही आधी केलेल्या सेवेची, त्या सेवेतूनच मिळवलेली रक्कम आहे. मालकाच्या मर्जीवर ती अवलंबून नाही. म्हणूनच १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. नागपुरात तेव्हा बहुधा अधिवेशन चालू असतं, मोर्चे निघालेले असतात, त्यामुळे हा दिवस इथे इतर गावांपेक्षा जरा जास्त ऐकू येतो. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९८४ सालचा पद्मनाभन नायर निकाल. केरळच्या त्या कर्मचाऱ्याची पेन्शन अडली होती ती अंतिम वेतन प्रमाणपत्र वेळेत न गेल्यामुळे. एका साध्या कागदामुळे. न्यायालयाने म्हटलं, की अशा दोषास्पद दिरंगाईची भरपाई बाजारभावाच्या व्याजाने व्हायला हवी आणि निवृत्तीनंतर दोन महिने संपले की सरकारची ही जबाबदारी सुरू होते. तत्त्व मोठं, पण ते उभं आहे एका प्रमाणपत्राच्या तारखेवर. २०१३ साली झारखंडच्या जितेंद्रकुमार श्रीवास्तव खटल्यात न्यायालयाने घटनेच्या कलम ३००-अ चा आधार घेऊन सांगितलं, की कायद्यात तरतूद नसेल तर नुसत्या प्रशासकीय आदेशाने पेन्शन किंवा उपदान (ग्रॅच्युइटी) रोखता येत नाही.

कायदा आपल्या बाजूने इतका स्वच्छ असताना पेन्शन अडते कुठे? सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीभरच्या नोंदींच्या वहीत, आणि आले-गेले कागद लिहायच्या आवक-जावक नोंदवहीत.

राज्य सरकारी नोकरीत निवृत्तीची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते. जन्मतारखेत ५८ वर्षं मिळवायची, चतुर्थ श्रेणीला ६०, आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. ज्याचा जन्म १ तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. हे विसरल्यामुळे एक महिन्याचा गोंधळ झालेली प्रकरणं दिसतात. तारीख तीस वर्षं आधी माहीत असते, म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ कार्यालयप्रमुखाला सांगतात, की कागदपत्रांच्या तयारीला दोन वर्षं आधी हात घाला आणि निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी प्रकरण सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांकडे पाठवा. विदर्भ आणि मराठवाडा मिळून एकोणीस जिल्ह्यांची प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात येतात. आपण सगळे त्याला 'एजी ऑफिस' म्हणतो. गडचिरोलीच्या वनरक्षकाची आणि लातूरच्या तलाठ्याची पेन्शन इथल्या सिव्हिल लाइन्समध्ये तपासली जाते, हे नागपूरकरांच्याही फारसं लक्षात येत नाही.

पण एजी ऑफिसात जाण्याआधी सेवापुस्तकाचा एक मुक्काम असतो: वेतन पडताळणी पथक. प्रत्येक वेतन आयोगानंतरची वेतननिश्चिती बरोबर झाली का, हे पथक तपासतं आणि तसा शिक्का मारतं. हा शिक्का नसेल तर पुढची गाडी हलत नाही. कार्यालयं सेवापुस्तक पथकाकडे पाठवतात ते बहुधा शेवटच्या वर्षात, आणि मग तीस वर्षांचे आक्षेप एकदम निघतात. हे काम निवृत्तीची वाट न पाहता प्रत्येक वेतननिश्चितीनंतर लगेच करून घेतलं तर निम्मी दुखणी उगवणारच नाहीत. नोकरीत असलेल्यांनी हे वाचलं असेल तर उद्याच आस्थापना शाखेत जाऊन एवढं एकच विचारावं: माझ्या सेवापुस्तकावर पथकाचा शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे?

सेवापुस्तक हातात आलं की काय पाहायचं, हे नीट सांगायला हवं, कारण पहिल्या पानावर सही करून लोक ते परत देतात. पहिलं पान महत्त्वाचंच: जन्मतारीख अक्षरी आणि अंकी दोन्ही, खाडाखोड असेल तर त्यावर अधिकाऱ्याची सही, नाव, आडनाव आणि त्यांचं लेखन आधार, पॅन आणि बँक पासबुकाशी जुळणारं. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला कर्मचाऱ्यांची नोंद इथेच राहून जाते. पुढे दर वर्षाची सेवा पडताळणीची नोंद. वेतनपटांवरून सेवा तपासली, अशा अर्थाचं प्रमाणपत्र दर वर्षाला असावं लागतं. बदली झाली की जुनं कार्यालय समजतं नवं करेल, नवं समजतं जुन्याने केलं असेल, आणि मधले सात-आठ महिने कोणाच्याच पडताळणीत येत नाहीत. वीस वर्षांनी ते वेतनपट शोधायचे म्हणजे गोदामात वाळवीशी सामना. दोन नेमणुकांमधला खंड, संपकाळ, निलंबनाचा कालावधी, असाधारण रजा: यांतल्या प्रत्येकाबद्दल 'हा काळ कसा धरावा' याचा स्वतंत्र आदेश लागतो. पुन्हा कामावर घेतलं म्हणजे निलंबनाचा काळ आपोआप नियमित झाला, असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. राखीव प्रवर्गातून नेमणूक असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची नोंद. शेवटी रजेचा हिशेब, कारण ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचं रोखीकरण त्याच्यावर ठरतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. निवृत्तीनंतर मिळणारे सगळे पैसे एजी ऑफिसातून येत नाहीत. पेन्शन, उपदान आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) यांचे आदेश तिथून निघतात. त्यांना अनुक्रमे पीपीओ, जीपीओ आणि सीपीओ म्हणतात. नागपुरात 'जीपीओ' म्हटलं की सिव्हिल लाइन्समधलं टपाल कार्यालय डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा भांबावतो. रजा रोखीकरण आणि १९८२ च्या गटविमा योजनेची रक्कम मात्र आपलंच कार्यालय मंजूर करतं. भविष्य निर्वाह निधीच्या अंतिम प्रदानाचं प्रकरण पेन्शनपासून वेगळं चालतं. म्हणून 'माझी पेन्शन केस अडली' या एका वाक्यात सहा वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. कुठली अडली, कोणाकडे अडली, हे वेगळं न काढता केलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

आता त्रुटी. प्रकरण आक्षेपासह परत येणं हे लोकांना संकट वाटतं. खरं संकट पुढचं असतं. परत आलेलं प्रकरण कार्यालयात येऊन पडतं आणि ज्याची पेन्शन आहे त्याला ते कळतच नाही. तो समजतो एजी ऑफिसात आहे. आठ महिन्यांनी तिथे चौकशी करतो तेव्हा कळतं, की तीन मुद्द्यांची पूर्तता मागवून प्रकरण केव्हाच परत गेलं. त्या तीन मुद्द्यांपैकी दोन त्याच्या घरच्या कपाटातल्या कागदांनी सुटले असते. म्हणून प्रकरण गेलं त्या दिवशीचा जावक क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवावी. महिन्याभराने त्या क्रमांकावरून स्थिती विचारावी. 'माझं काय झालं?' या प्रश्नाला 'चालू आहे' असं उत्तर मिळतं. 'अमुक तारखेच्या अमुक जावक क्रमांकाच्या पत्राचं काय झालं?' याला नोंदवही उघडावी लागते.

प्रकरण रेंगाळतंय म्हणून घरची चूल थांबत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं. त्यासाठी तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. महालेखापालांचे आदेश वेळेत येणार नसतील तर कार्यालयप्रमुख ते मंजूर करून आपल्याच आस्थापनेतून देऊ शकतात. ही तरतूद किती थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि ठाऊक असलेले किती थोडे ती मागतात, याची मला सतत खंत वाटते. त्याचा अर्ज निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी देता येतो, आणि द्यावाच.

वसुलीचा विषय सर्वांत जिव्हारी लागणारा. पंधरा वर्षांपूर्वी एक वेतनवाढ जादा दिली गेली, चूक कार्यालयाची. पथकाने ती पकडली आणि निवृत्तीच्या तोंडावर दोन-तीन लाखांची रक्कम उपदानातून कापण्याचा आदेश निघाला. इथे १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल हाताशी ठेवावा. वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून. निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून. किंवा वसुलीचा आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर, अशी वसुली करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. मात्र २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने त्याला एक अपवाद जोडला: वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम आढळल्यास परत करीन' असं वचनपत्र लिहून दिलं असेल तर ते बांधील ठरू शकतं. सहाव्या-सातव्या वेतन आयोगाच्या वेळी अशी वचनपत्रं गठ्ठ्याने सह्या करून घेतली गेली. तो खटला वरिष्ठ श्रेणीतल्या अधिकाऱ्याचा होता, हा फरक वर्ग ३ आणि ४ च्या प्रकरणांत वकील मांडतात. आणि एक बारीक भेद लक्षात ठेवावा. दिलेली जादा रक्कम परत मागणं वेगळं आणि चुकलेलं वेतन दुरुस्त करून पेन्शन त्यावर ठरवणं वेगळं. पहिलं थांबवता येतं. दुसरं सहसा थांबत नाही. दोन्हींसाठी एकच भांडण मांडलं तर जे जिंकण्यासारखं असतं तेही हातचं जातं.

पतसंस्थेच्या कर्जासाठी उपदान अडवून ठेवल्याच्या तक्रारीही कानावर येतात. शासकीय येणी म्हणजे घरभाडं, अग्रिमांची शिल्लक, जादा दिलेलं वेतन. पतसंस्थेचं कर्ज त्यात येत नाही. कर्ज फेडायचंच आहे, पण ते संस्थेने आपल्या मार्गाने मागावं. पेन्शनला जपणारे कायदे जुनेच आहेत: १८७१ चा पेन्शन कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पेन्शनला सावकाराच्या जप्तीपासून वाचवतात.

चौकशीचं कारण सांगून पेन्शन थांबवली असेल तर एकच प्रश्न विचारायचा: दोषारोपपत्र बजावलं का, आणि कोणत्या तारखेला? विभागीय चौकशी सुरू झाली असं धरलं जातं ते दोषारोपपत्राच्या तारखेपासून, किंवा त्याआधी निलंबन असेल तर निलंबनाच्या तारखेपासून. कोणीतरी तक्रार केली आहे, प्राथमिक चौकशी 'प्रस्तावित' आहे, एवढ्यावर ना-चौकशी प्रमाणपत्र अडवून ठेवणं नियमात बसत नाही. चौकशी खरोखर प्रलंबित असली तरी १९८२ च्या त्याच निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम १३० प्रमाणे तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतंच. अंतिम निर्णयापर्यंत थांबतं ते उपदान. निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची तर नियम २७ शासनाची मंजुरी मागतो आणि चार वर्षांहून जुन्या घटनेवर ती सुरू करू देत नाही.

व्याजाबद्दल लोक संकोचतात. मूळ रक्कम मिळाली हेच खूप, आता साहेबांना कशाला दुखवायचं, असा सूर असतो. नियम १२९-अ आणि १२९-ब कोणाला दुखवण्यासाठी नाहीत. प्रशासकीय दिरंगाईने उपदान लांबलं तर देय झाल्यापासून तीन महिन्यांनंतरच्या काळावर व्याज, पेन्शन लांबली तर सहा महिन्यांनंतरच्या काळावर व्याज, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याची जबाबदारी निश्चित करायची, असं ते सांगतात. उपदान १० लाख रुपये आणि ते पंधरा महिन्यांनी मिळालं, असं धरा. पहिले तीन महिने वगळून बारा महिन्यांचं व्याज, भविष्य निर्वाह निधीच्या ७.१ टक्के दराने, ७१,००० रुपये होतं. ही रक्कम सोडून द्यायची नाही. पण उशीर आपल्यामुळे झाला असेल, म्हणजे कुटुंबाचा तपशील, एकत्रित छायाचित्र, बँक खात्याची माहिती आपणच उशिरा दिली असेल, तर व्याज नाकारलं जातं. म्हणून आपण दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत हवी, आणि तिच्यावर कार्यालयाचा आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. बाबूजी ओळखीचे आहेत, चहा पाजतात, 'ठेवून जा काका, मी पाहतो' म्हणतात. त्यांच्याबद्दल मनात किंतु न ठेवता सांगावं, की पोच द्या. ते बदलून जातील, पोच राहील.

अर्जाला उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रातल्या कार्यालयाला अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. एजी ऑफिस मात्र केंद्राचं, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावावी लागते. एवढ्याशा चुकीने अर्ज परत येतात. 'उशीर का झाला?' असं विचारू नये. का याचं उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. माझं प्रकरण कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवलं. त्रुटींचं पत्र कोणत्या तारखेला आवक झालं. पूर्तता कधी पाठवली. त्या नस्तीवरील (फाइलवरील) टिप्पण्यांच्या प्रती द्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पुढे न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर हेच कागद सगळ्यांत भारी पडतात, कारण त्यांत कार्यालयाने स्वतःच आपल्या तारखा लिहून दिलेल्या असतात.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने जायचं ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात, म्हणजे मॅटमध्ये. जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि खासगी अनुदानित शाळांची माणसं तिथे गेली तर अर्ज अधिकारक्षेत्राअभावी परत येतो; त्यांना उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. मॅटची मुदत एक वर्षाची. निवेदनाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबून त्यानंतरचं एक वर्ष. इथे फार लोक फसतात. दर चार महिन्यांनी नवं निवेदन देत राहिलं म्हणजे मुदत वाढत जाते असं त्यांना वाटतं. ती वाढत नाही. दरमहा कमी मिळणाऱ्या पेन्शनचं कारण दर महिन्याला नव्याने घडतं, त्यामुळे तो दावा उशिरानेही टिकतो; पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते. उपदान एकदाच देय होतं, तिथे हा आधारही तोकडा पडतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्या विधवा भगिनींसाठी एक गोष्ट ठळकपणे लिहितो: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही महिलेला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही मिळतो.

३० जूनला निवृत्त झालेल्यांनी आपली पीपीओ एकदा पुन्हा काढून पाहावी. वर्षभर काम करून १ जुलैच्या वेतनवाढीच्या एक दिवस आधी घरी गेलेल्यांना ती वाढ नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी सांगितलं आहे. अंशराशीकरण घेतलेल्यांनी पेन्शन कमी व्हायला लागली तो महिना लिहून ठेवावा. पंधरा वर्षांनी कापलेला भाग पूर्ववत व्हायचा असतो, आणि तो झाला की नाही हे पासबुकावरून आपणच पाहायचं असतं.

पीपीओ हातात आली, कोषागारात ओळख पटवून झाली, पहिला महिना खात्यात पडला, की लोक ती वही कपाटात ठेवतात आणि नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यापुरती आठवतात. तेवढ्यावर थांबू नये. पीपीओत पती किंवा पत्नीचं नाव आहे का, ते आधार कार्डावरच्यासारखंच आहे का, जन्मतारीख भरलेली आहे का, हे त्याच दिवशी पाहावं. नाव असेल तर पेन्शनरच्या मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला आणि अर्ज यांवर कोषागार कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करू शकतं. नाव नसेल तर सगळी फेरी पुन्हा मूळ कार्यालयापासून सुरू होते, आणि या वेळी ती करणारी बाई सत्तरीची असते. जन्मतारीख नसेल तर ८० वर्षांनंतरची वाढीव रक्कम कोणत्या महिन्यापासून द्यायची हे ठरत नाही. अपंग मुलगा किंवा मुलगी असेल तर तिची नोंद आई-वडील दोघेही असताना करून घ्यावी. दुरुस्तीचं पत्र मूळ कार्यालयामार्फत जातं. ते आज द्यावं, दोन प्रतींत द्यावं, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊन ती प्रत पीपीओच्याच पिशवीत ठेवावी, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावं.